वाचकांचे प्रश्न: चहा स्वस्त झाला होता, तरी बोस्टनवाले का पेटले?

मागच्या अंकात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धावर लेख आला आणि प्रश्नांचा नुसता ढीग लागला, काही एका ओळीचे तर काही पानभर. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलेत ते घेतलेत. दोघांनी "तुम्ही इंग्रजांची बाजू घेता" असंही लिहिलंय, त्याचं उत्तर ओघात येईलच.

माझा मुलगा दहावीला आहे. त्याच्या गाईडमध्ये लिहिलंय की इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला म्हणून बोस्टनच्या लोकांनी चहा समुद्रात फेकला. तो म्हणतो कर वाढला नव्हताच, उलट चहा स्वस्त झाला होता. मग फेकला कशाला? घरात रोज वाद चाललाय. — एक आई

ताई, मुलाला शाबासकी द्या, गाईड चुकलंय.

१७७३च्या टी अ‍ॅक्टने अमेरिकेतला चहावरचा टॅक्स काडीचाही वाढवला नाही. एक पौंड वजनाच्या चहामागे तीन पेन्स हा टॅक्स १७६७चाच होता, टाउनशेंड नावाच्या अर्थमंत्र्याने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा अशा वस्तूंवर तो लावला होता, त्यावर अमेरिकेत ब्रिटिश मालाचा बॉयकॉट झाला, इकडे लंडनचे व्यापारी बोंबलायला लागले, मग १७७०ला बाकीच्या वस्तूंवरचा टॅक्स काढला आणि चहावरचा तेवढा ठेवला. का ठेवला? पैशासाठी कमी आणि टॅक्स लावायचा हक्क आमचाच आहे हे दाखवायला जास्त. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं इथूनच निघतं.

आता १७७३. ईस्ट इंडिया कंपनी, हो तीच, बुडायच्या बेतात. बंगालमध्ये १७७०चा भीषण दुष्काळ पडलेला, फौजेचा खर्च अफाट, त्यात शेअरहोल्डरांना भरमसाठ डिव्हिडंड वाटून ठेवलेला, आणि लंडनच्या गोदामांत दीड कोटी पौंड वजनाहून जास्त चहा नुसता पडून. कंपनी बुडाली असती तर लंडनचे कितीतरी बडे लोक आणि सरकारही गाळात गेलं असतं. म्हणून पार्लमेंटने युक्ती काढली की कंपनीने चहा थेट अमेरिकेत नेऊन विकावा, लंडनचा लिलाव नको, मधले व्यापारी नकोत, आणि ब्रिटनमध्ये भरलेली ड्युटी तिला परत मिळेल. म्हणजे तीन पेन्स भरूनही हा चहा डच मालाच्या स्मगलिंगच्या चहापेक्षा स्वस्त पडणार होता.

मग राग कुणाला आला? एक तर स्मगलरांना, हे उघड आहे, आणि अमेरिकेत स्मगलिंग म्हणजे काही गल्लीतला धंदा नव्हता, चांगली प्रतिष्ठित मंडळी त्यात होती. दुसरे जे सरळ मार्गाने चहा आणून विकायचे ते व्यापारी, कारण कंपनीने विक्रीसाठी मोजकेच एजंट नेमले आणि बोस्टनमध्ये त्या एजंटांत खुद्द गव्हर्नर हचिन्सन यांची दोन मुलं होती. आज चहा, उद्या बाकीचा माल पण असाच आला तर आपण काय करायचं, ही भीती. आणि तिसरे राजकारणातले लोक, सॅम्युअल अ‍ॅडम्स वगैरे, त्यांचं म्हणणं असं की हा स्वस्ताईचा सापळा आहे, लोकांनी एकदा मुकाट्याने तीन पेन्स भरले की पार्लमेंटचा अधिकार मान्य केल्यासारखं झालं. माझं मत विचाराल तर हे तिन्ही राग खरे होते आणि एकमेकांत असे गुंतलेले होते की कुठला धागा कुठला ते त्या लोकांनाही सांगता आलं नसतं.

फेकायची वेळ का आली तेही बघा, कारण ते गाईडमध्ये नसतं. कस्टमचा नियम होता की जहाज बंदरात आल्यापासून वीस दिवसांत ड्युटी भरायची, नाहीतर माल जप्त. डार्टमाउथ हे पहिलं जहाज २८ नोव्हेंबरला आलं, म्हणजे मुदत १७ डिसेंबरला संपत होती. लोक म्हणत होते माल न उतरवता जहाज परत न्या, जहाजाचा मालक बिचारा तयार होता, पण गव्हर्नर म्हणाले ड्युटी भरल्याशिवाय बंदर सोडायची परवानगी देणार नाही. जप्त झाला असता तर माल कस्टमच्या हातात जाऊन शेवटी बाजारात आलाच असता. १६ डिसेंबरला ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये हजारोंची सभा भरली होती, गव्हर्नरांचा नकार तिथे संध्याकाळी कळला आणि मग माणसं ग्रिफिन्स धक्क्याकडे निघाली, तोंडाला काजळी, अंगावर ब्लँकेट, मोहॉक आदिवासींसारखा वेश. तोवर एलेनोर आणि बीव्हर ही आणखी दोन जहाजं आली होती. तिन्ही जहाजांवरच्या मिळून ३४२ पेट्या कुऱ्हाडीने फोडून पाण्यात रिकाम्या केल्या.

गंमत म्हणजे ओहोटी होती. पाणी इतकं कमी की चहा वाहून जाईना, जहाजाच्या कडेला त्याचे ढीग साचले आणि पोरांना खाली उतरून ते पसरवावे लागले. जॉर्ज ह्यूज नावाचा एक जोडे शिवणारा त्या रात्री तिथे होता, त्याने म्हातारपणी सांगितलेली हकीगत आहे की एकाने कोटाच्या अस्तरात गुपचूप चहा भरला, तो पकडला गेला आणि लोकांनी त्याला चांगला चोपला. दुसऱ्या दिवशी काही जण होड्या घेऊन गेले आणि तरंगणारा चहा वल्ह्यांनी झोडपून काढला, कुणी गोळा करून विकू नये म्हणून. जहाजावरच्या बाकी कुठल्या सामानाला हात लावला नाही. कंपनीने नुकसानीचा आकडा लावला ९,६५९ पौंड.

आणि हो, मुलाला अजून एक सांगा, तो चहा हिंदुस्तानातला नव्हता, चीनमधला होता, कँटनहून लंडनला आणि लंडनहून बोस्टनला.

तुमच्याच लेखात होतं की अमेरिकेतला माणूस ब्रिटनमधल्या माणसापेक्षा खूप कमी टॅक्स भरायचा. फ्रेंचांपासून त्यांना वाचवायला ब्रिटनने कर्ज काढलं. मग थोडा टॅक्स मागितला तर बंड? मला तर हे लोक कृतघ्न वाटतात. — निवृत्त बँक कर्मचारी

काका, लंडनमध्येही तेव्हा अगदी हेच बोलत होते. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धात ब्रिटनचं राष्ट्रीय कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं, १७६३ला युद्ध संपल्यावर अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचं ठरलं, आणि त्याच्या खर्चातला निदान काही भाग तिथल्या लोकांनी उचलावा यात चुकीचं काय, हा ब्रिटिश सरकारचा युक्तिवाद हिशेबाच्या वहीत बघितला तर बरोबरच दिसतो.

पण वसाहतवाल्यांची बाजू पण ऐका. त्यांचं म्हणणं, युद्धात आमचीही पोरं लढली, आमच्या असेंब्ल्यांनीही पैसा दिला. दीडशे वर्षं आमचा टॅक्स आमच्या असेंब्लीत ठरतोय, तिथे आम्ही निवडून दिलेली माणसं बसतात, आता तीन हजार मैलांवरचं पार्लमेंट जिथे आमचा एकही माणूस नाही ते परस्पर ठरवणार? आणि फ्रेंच तर गेले, मग ही फौज नक्की कुणावर नजर ठेवायला? त्याच १७६३ला राजाने जाहीरनामा काढून अ‍ॅपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी घातली, म्हणजे ज्या जमिनीसाठी लढलो तिथेच पाऊल टाकायचं नाही. (ती जमीन मुळात आदिवासींची होती हे त्यांच्या गावीही नव्हतं, तो विषय वेगळा.)

ब्रिटिशांचं उत्तर मजेशीर होतं. ते म्हणायचे पार्लमेंट सगळ्या प्रजेचं प्रतिनिधित्व करतं, मत दिलं नसलं तरी. मँचेस्टरचा तरी कुठे खासदार आहे? खरंच नव्हता. एवढं मोठं वाढतं शहर, एक सीट नाही, आणि ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड जागी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मतदार आणि त्यांचे दोन खासदार. अमेरिकन म्हणाले की मग मँचेस्टरलाही द्या ना सीट, तुमच्याकडे अन्याय आहे म्हणून आमच्याकडेही पाहिजे असं थोडंच आहे.

सगळ्यात मोठी चूक मला विचाराल तर १७६५चा स्टॅम्प अ‍ॅक्ट. वर्तमानपत्र, कोर्टाचे कागद, मृत्युपत्र, दारूचं लायसन्स, कॉलेजची डिग्री, सगळ्यावर स्टॅम्प, पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग, फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग. म्हणजे एका फटक्यात कुणाला दुखावलं तर वकील, छापखानेवाले आणि दारूचे गुत्तेवाले. ज्यांना बोलता येतं, ज्यांना छापता येतं आणि ज्यांच्याकडे लोक रोज संध्याकाळी जमतात ते तिघेही एकदम अंगावर घेतले. वर खटले चालणार ज्युरी नसलेल्या कोर्टात. बोस्टनला स्टॅम्प विकणाऱ्या अधिकाऱ्याचा पुतळा झाडाला टांगला, हचिन्सन यांचं घर तर भिंती सोडून सगळं लुटलं, आणि १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तोवर जवळजवळ सगळ्या वसाहतींतल्या स्टॅम्पवाल्यांनी राजीनामे दिलेले. पुढच्या वर्षी कायदा रद्द केला पण त्याच दिवशी दुसरा पास केला की तुमच्यासाठी कुठलाही कायदा करायचा अधिकार आम्हाला आहेच आहे.

म्हणून कृतघ्न हा शब्द मला पटत नाही काका. रक्कम किरकोळ होती हे मान्य, भांडण रकमेचं नव्हतंच. पण १७७४ला चहाची शिक्षा म्हणून बोस्टनचं अख्खं बंदर बंद केलं तिथे मात्र ब्रिटिशांनी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. चहा फेकल्यावर बाकीच्या वसाहतींत बरेच लोक बोस्टनवर नाराज होते, काही म्हणत होते नुकसान भरून द्या आणि मिटवा. बंदर बंद झालं आणि तेच लोक बोस्टनला मेंढ्या आणि तांदूळ पाठवायला लागले, सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियात १२ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि पुढच्या एप्रिलमध्ये लेक्सिंग्टनला गोळी सुटली आणि युद्ध सुरू झालं.

अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन ४ जुलै की २ जुलै? क्विझमध्ये माझा एक मार्क गेला. — कॉलेजविद्यार्थी

तुम्ही २ लिहिलं असणार! काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, स्वातंत्र्याचा ठराव पास केला तो २ जुलै १७७६ला, न्यूयॉर्क सोडून १२ वसाहतींच्या मतांनी. ४ तारखेला पास झाला तो जाहीरनाम्याचा मसुदा, त्यावर ४ तारीख छापली गेली म्हणून तीच राहिली. बहुतेकांच्या सह्या तर २ ऑगस्टला झाल्या. जॉन अ‍ॅडम्स यांनी बायकोला पत्र लिहून सांगितलं होतं की पुढच्या पिढ्या २ जुलै धूमधडाक्यात साजरा करतील, म्हणजे तुम्ही चांगल्या कंपनीत आहात. मार्क मात्र परत मिळणार नाही, क्विझमध्ये ४ जुलैच लिहायचं.

साध्या शेतकऱ्यांच्या फौजेने जगातल्या सगळ्यात मोठ्या सत्तेला हरवलं हे खरंच पटत नाही. — एक वाचक

पटू नका देऊ, कारण तसं झालंच नाही. वॉशिंग्टन जिंकले त्यापेक्षा जास्त लढाया हरले असतील. १७७६च्या ऑगस्टमध्ये लाँग आयलंडला असा मार खाल्ला की धुक्याचा फायदा घेऊन रातोरात नदी ओलांडून पळावं लागलं. त्यांचं मोठेपण हे की फौज मोडू दिली नाही. सैनिकांना पगार नाही, जे कागदी चलन काँग्रेस छापायची त्याची किंमत रद्दीएवढी झालेली, १७७७-७८च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत सुमारे दोन हजार माणसं आजाराने गेली. एक निर्णय मात्र फार कमी लोकांना माहीत असतो, १७७७ला त्यांनी सगळ्या फौजेला देवीचं टोचून घ्यायला लावलं. तेव्हा ही लस नव्हे, खऱ्या देवीच्या फोडातलं द्रव्य टोचायचे, त्यात काही जण मरायचेही, म्हणजे जुगारच. पण आदल्या वर्षी क्वेबेकच्या मोहिमेत देवीने फौजेची दाणादाण उडवली होती, आणि वॉशिंग्टन यांना स्वतःला एकोणिसाव्या वर्षी बार्बाडोसला देवी येऊन गेलेल्या, त्यामुळे त्यांना हा रोग काय करतो ते पक्कं ठाऊक होतं.

बाकी खरं श्रेय फ्रान्सचं. उघड युद्धात यायच्या आधीच फ्रान्स चोरून बंदुका आणि दारूगोळा पाठवत होता, त्यासाठी एक बनावट कंपनी काढली होती आणि ती चालवत होता कोण तर बोमार्शे, नाटकं लिहिणारा माणूस! ऑक्टोबर १७७७ला साराटोगाला बर्गॉइन यांची ब्रिटिश फौज शरण आली, फ्रान्सला खात्री पटली की घोडा पळणारा आहे, फेब्रुवारी १७७८ला उघड तह झाला. पाठोपाठ स्पेन, मग डच. ब्रिटनला एकाच वेळी कॅरिबियन, जिब्राल्टर, इंग्लिश खाडी सगळीकडे जहाजं पुरवावी लागली. १७८१ला यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस अडकला तो मुळात फ्रेंच आरमाराने समुद्राकडचं तोंड बंद केलं म्हणून. त्याने १९ ऑक्टोबरला शरणागती दिली, तब्येत बरी नाही सांगून स्वतः आलाच नाही आणि तलवार हाताखालच्या अधिकाऱ्याबरोबर पाठवली. फ्रान्सच्या राजाला या मदतीची किंमत पुढे राज्यक्रांतीत कशी मोजावी लागली ते सगळ्यांना माहीत आहे.

"सर्व माणसं समान" लिहिणारे स्वतः गुलाम बाळगत होते. मग हे कसलं स्वातंत्र्य? — एक शिक्षिका

मॅडम, याला सारवासारव करायचीच नाही. २५ लाखांच्या लोकसंख्येत जवळपास पाच लाख गुलाम होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे जेफरसन यांनी त्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचं खापर राजावर फोडणारा एक परिच्छेद लिहिला होता, साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाला तो नको होता, काढून टाकला. लिहिणाऱ्याच्या घरी स्वतःचे गुलाम होतेच.

गुलामांनी काय केलं ते जास्त महत्त्वाचं आहे. नोव्हेंबर १७७५ला व्हर्जिनियाचा ब्रिटिश गव्हर्नर डनमोर याने जाहीर केलं की बंडखोर मालकांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते स्वतंत्र. दयेने नव्हे, मालकांना खिंडीत पकडायला. पण हजारो लोक पळून त्यांच्याकडे गेले, कारण त्यांच्यासाठी स्वातंत्र्याचा रस्ता ब्रिटिश छावणीतून जात होता. सुमारे पाच हजार काळे सैनिक दुसऱ्या बाजूने, अमेरिकेकडूनही लढले.

पळालेल्यांत हॅरी वॉशिंग्टन नावाचा माणूस होता, आडनावावरून ओळखलंत, जॉर्ज वॉशिंग्टन यांचाच गुलाम, माउंट व्हर्ननवरचा. १७८३ला युद्ध संपलं तेव्हा वॉशिंग्टन ब्रिटिश सेनापती कार्लटन यांना भेटले आणि आमचे गुलाम परत करा म्हणाले. कार्लटन म्हणाले आम्ही शब्द दिलाय, परत करणार नाही, हवं तर रजिस्टर ठेवतो. त्या रजिस्टरमध्ये न्यूयॉर्कहून जहाजाने गेलेल्या सुमारे तीन हजार लोकांची नावं आहेत, त्यात हॅरीचं पण. तो नोव्हा स्कोशियाला गेला, तिथे थंडी आणि नापीक जमीन, मग १७९२ला आफ्रिकेत सिएरा लिओनला. तिथल्या ब्रिटिश कंपनीने वस्तीवाल्यांवर जमिनीचा सारा लावला, न विचारता. १८००ला वस्तीवाल्यांनी बंड केलं, हॅरी त्यात होता, पकडून हद्दपार केला त्याला. जुन्या मालकाचं बंड यशस्वी झालं, याचं नाही, एवढाच फरक.

बायकांना काही मिळालं का? — अनेक जणी

फारसं नाही. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स यांनी ३१ मार्च १७७६ला नवऱ्याला लिहिलं होतं की नवे कायदे कराल तेव्हा बायकांची आठवण ठेवा, जॉन साहेबांनी ते हसण्यावारी नेलं. बॉयकॉट मात्र बायकांशिवाय चाललाच नसता, चहा काय कापड काय, घरात घ्यायचं नाही हे त्याच ठरवणार. नॉर्थ कॅरोलायनात इडेंटनला ५१ जणींनी १७७४ला सही करून बॉयकॉट जाहीर केला, लंडनमध्ये त्यावर टवाळीचं व्यंगचित्र निघालं. एक अपवाद न्यू जर्सी, तिथे मालमत्ता असलेल्या अविवाहित आणि विधवा बायका मत द्यायच्या, १८०७ला तोही हक्क काढून घेतला.

सगळ्यांनाच स्वातंत्र्य हवं होतं का? — एक वाचक

नाही हो. गोऱ्यांपैकी साधारण पाचवा हिस्सा राजाच्या बाजूचा होता, आणि बरेच जण जिकडे फौज येईल तिकडचे. राजनिष्ठांना अंगभर गरम डांबर ओतून वर पिसं चिकटवून धिंड काढायचे, हा प्रकार चित्रात गमतीदार वाटतो, प्रत्यक्षात कातडी सोलून निघायची. बेंजामिन फ्रँकलिन यांचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता आणि शेवटपर्यंत राजाकडे राहिला, तुरुंगात गेला, मग इंग्लंडला. बापाने मृत्युपत्रात त्याला जवळजवळ काही ठेवलं नाही आणि कारणही लिहून ठेवलं. युद्धानंतर सुमारे साठ हजार लोक देश सोडून गेले.

त्याच काळात इकडे हैदर अली इंग्रजांशी लढत होता. अमेरिकेतल्या लोकांना हे माहीत तरी होतं का? — इतिहासाचा विद्यार्थी

चांगलंच माहीत होतं. शत्रूचा शत्रू म्हणून हैदरचं कौतुक होतं, इतकं की पेनसिल्व्हेनियाने आपल्या एका युद्धनौकेचं नावच हैदर अली ठेवलं. एप्रिल १७८२ला डेलावेअरच्या उपसागरात या नौकेने जनरल मंक नावाचं तिच्याहून मोठं ब्रिटिश जहाज पकडलं. कॅप्टन होता जोशुआ बार्नी, तेवीसच्या आतबाहेर वयाचा. त्याची गोष्ट अशी सांगतात की त्याने सुकाणूवाल्याला आधीच बजावलं होतं, मी ओरडून जो हुकूम देईन त्याच्या बरोबर उलट करायचं. ब्रिटिशांनी हुकूम ऐकला आणि त्याप्रमाणे जहाज वळवलं, हैदर अली उलटीकडे वळली, दोन्ही जहाजांचे दोर एकमेकांत अडकले आणि बार्नीने जवळून तोफा डागल्या. अर्ध्या तासाच्या आत खेळ खलास. गंमत म्हणजे जनरल मंक हे मुळात अमेरिकनच जहाज होतं, इंग्रजांनी पकडून नाव बदललेलं, आधीचं नाव जनरल वॉशिंग्टन, ते परत ठेवलं.

कॉर्नवॉलिस पुढे इकडे गव्हर्नर जनरल होऊन आला आणि टिपूशी लढला तो भाग तीन-चार जणांनी विचारलाय, तो एका उत्तरात बसणार नाही, पुढच्या अंकात घेतो.